पंधरा ऑगस्टची पातळी

आकडा खोटा होता. अंजलीने तीनदा तपासला, तरी तो खोटाच राहिला. सत्याण्णव सालच्या चौदा ऑगस्टला रात्रभर पेठच्या डोंगरात धो धो पाऊस, खाली पातळी मोजतात त्या दोन्ही ठिकाणी नदी पुरुषभर चढलेली, आणि आप्पांच्या, तिच्या वडिलांच्या, वहीत पंधरा तारखेची सकाळी आठची पातळी मात्र आदल्या दिवशीचीच. एक मीटर चाळीस. अक्षर वळणदार, शाई निळी, पाणी बसल्या जागी.

अंजली सिडकोतल्या घरात बसून समुद्राचं काम करायची. नाशकात समुद्र नाही, हे शेजारीपाजारी तिला वर्षातून चारदा ऐकवत. किनाऱ्यालगतच्या समुद्राचा एक तुकडा संगणकात उभा करायचा आणि तीस वर्षांपूर्वीपासून आजवर चालवून बघायचा, असं ते काम. त्या तुकड्याला स्वतःहून काही ठाऊक नसतं. वारा कसा, कडेने कुठलं पाणी आत येतं, नद्या किती ओततात, सगळं बाहेरून सांगावं लागतं. जे सांगितलं नाही ते त्याच्यापुरतं जगातच नसतं. वारा ठरला होता, भरती-ओहोटी ठरली होती. राहिली होती घाटातून पश्चिमेला उतरणारी एक नदी. पुण्याचा सहकारी रोहित म्हणत होता, तिची तयार सरासरी मिळते, ती घाल आणि मोकळी हो. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

पण त्याच नदीकाठी तिच्या वडिलांनी सत्तावीस वर्षं काढली होती. निवृत्ती बोरस्ते रोज सकाळी आठला पाण्यात रोवलेल्या पट्टीवरची पातळी वाचायचे आणि वहीत लिहायचे. आठ वाजता माणूस नदीवर हवा, म्हणून तो घरी नसायचा. बायको आणि मुलगी नाशकात, आप्पा पेठच्या डोंगरात. अंजलीचं सगळं लहानपण त्यांची वाट बघण्यात गेलं. सहावीत ती शाळेत पहिली आली. पंधरा ऑगस्टला बक्षीस आहे, तुम्ही याच, असं तिने त्यांना पोस्टकार्ड टाकलं. बक्षीस हातात घेतानाही तिचे डोळे फाटकाकडे होते. आप्पा आले नाहीत. ते दुखणं तिने कुणाला सांगितलं नाही, आणि ते बरंही झालं नाही.

आता आप्पा गॅलरीत बसून रोज एकच विचारायचे, आमची नदी घेतली का समुद्रात? जन्मभर लिहिलेलं कुणीतरी वाचावं, एवढीच त्यांची आस. अंजलीलाही नदी घ्यायचीच होती. पण ज्या वहीत एक आकडा मनाचा, तिच्यातल्या बाकीच्या दहा हजारांवर भरवसा कसा ठेवायचा?

वही घेऊन ती गॅलरीत गेली आणि त्या तारखेवर बोट ठेवलं.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही नदीवर नव्हता."

आप्पांनी चष्मा लावला, तारीख वाचली, चष्मा काढला.

"नव्हतो," ते म्हणाले. "तुझ्या शाळेच्या भिंतीमागं उभा होतो. बक्षीस द्यायला पाहुणा कोण आला व्हता, आठवतंय? आमचेच साहेब. आत आलो असतो तर नोकरी गेली असती. माईकवर तुझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मी बी वाजवल्या. मग दहाची पेठची एसटी धरली."

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर वही खोटी पडली असती, बाई. तिच्याबिगर माझ्याकडं दुसरं व्हतंच काय?" मग हळूच म्हणाले, "आता नाय घेणार ना नदी?"

अंजली आत आली आणि तोंडाला पदर लावून रडली. अठ्ठावीस वर्षं ती त्या फाटकाकडेच बघत राहिली होती, भिंतीकडे कधी बघितलंच नव्हतं.

मग तोंड धुऊन ती पुन्हा कामाला बसली. दुपारभर तिने वहीतला एकेक पावसाळा त्या त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहिला. डोंगरात पाऊस झाला की वहीत पाणी चढत होतं, उघडीप झाली की उतरत होतं. ती एक तारीख सोडली तर कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. दिवेलागणीच्या आधी तिने रोहितला कळवलं, सरासरी नको, खरी नदी मिळाली आहे, एक दिवस तेवढा कोरा राहील.

एक मीटर चाळीस हा आकडा तिने पुसला. दिवस कोरा ठेवायचा तर पुढच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं:

"नोंद नाही. वडील शाळेत हजर होते."