दोरीपलीकडचं पाणी

धबधबा दाखवून, लाव्हाचं काळं माळरान ओलांडून बस उकळत्या कुंडांपाशी थांबली की सोलरून प्रवाशांना दोरीच्या अलीकडे उभं करून मोजायची. लहानपणी इथंच धाकटा भाऊ बेर्गुर तिच्या हातून सुटला आणि त्याचा पाय भाजला होता. आता ती गाइड होती, तो ड्रायव्हर. इथं तो कधीच उतरत नसे. आज एक चिमुरडी आईचा हात सोडून दोरीखालून कुंडाकडे पळाली. सोलरून किंचाळेपर्यंत बेर्गुरनं बसमधून उतरून, लंगडत धावत जाऊन तिला उचललंही. आई रडू लागली, "माझ्या हातून सुटली हो!" "सुटली नाही, तिनंच हिसडा मारला," बेर्गुर म्हणाला. मग बहिणीकडे वळला, "मीही तसंच केलं होतं, ताई." "आणि मी आईचा मार खात होते तेव्हा का नाही बोललास?" "घाबरलो होतो." "चाळीस वर्षं?" तो लंगडत बसकडे वळला. निघताना सोलरूननं प्रवासी तीनदा मोजले. तिन्ही वेळा आकडा चुकला.