अखंड सेवा

वसाहतीत एकच कंपनी होती तेव्हा टीव्ही, फोन, इंटरनेट सगळं एकत्रच गळ्यात मारायची, वर लाइन उठसूट बंद. पण परगावच्या लेकाने घरात बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्र गेलं, की तो धास्तावून लगेच मोबाइलवर फोन करायचा, "आई, बरी आहेस ना गं?"

मग दुसरी कंपनी आली. लेकानेच हौसेने लाइन बदलून दिली. ती कधी बंदच पडेना. आई रोज कॅमेऱ्यात दिसायची, मग फोन कशाला?

आज न राहवून तिने मोडेमची वायर उपसली आणि मोबाइल मांडीवर घेऊन बसली. तो लगेच वाजला.

"बरी आहे रे बाळा मी!"



"आजी, इंटरनेट कंपनीतून बोलतोय. तुमची लाइन बंद दिसतेय, आत्ता माणूस पाठवतो!"