रविवारचं धुणं

ओहायोत एकट्याने लेक वाढवलेल्या लॉइडने महिनाभर एकच धोशा लावला होता. "टेसा, बॉस्टनच्या त्या खासगी कॉलेजची फी म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे! आपलं सरकारी विद्यापीठ काय वाईट आहे गं?" ते घरापासून तासाभरावर आहे आणि तिथली मुलं दर रविवारी धुणं घेऊन घरी येतात, हे मात्र तो बोलला नाही.

टेसाने ऐकलं. वर्षभर दर रविवारी मशीन घरघरत राहायचं आणि बापलेक स्वयंपाकघरात गप्पा मारत बसायचे.

मे महिन्यात कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, "बाबा, तुझंच खरं निघालं! फीचे एवढे पैसे वाचले, की पुढचं वर्ष मी जपानला शिकायला जातेय."



सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी लॉइडने कपाटातले धुतलेलेच कपडे काढून मशीनला लावले.