पाय मोकळे

“डावा घोटा. आतून बाहेर. हं, एक... दोन...”

विमानाने अजून धड ढगही ओलांडले नव्हते आणि मास्तरांनी कवायत सुरू केली होती. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मैदान गेलं, शिट्टी गेली, पोरं गेली. उरली ती एकटी बायको, आणि आज तर ती पट्ट्याने खुर्चीला बांधलेली. असा विद्यार्थी मास्तरांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

लांबच्या विमानप्रवासात अंग आखडू नये म्हणून काय काय करावं, याचा मास्तरांनी महिनाभर अभ्यास केला होता. पाणी घोट घोट प्यायचं. घट्ट मोजे घालायचे. मान अशी, कंबर तशी. आपल्याला मोकळं बसता यावं म्हणून वाटेकडची खुर्ची त्यांनी आधीच मागून घेतली होती. खिडकीशी एक अगडबंब गृहस्थ बसल्या बसल्या घोरायला लागले होते. मधली खुर्ची बाईंच्या वाट्याला आली. वरच्या कप्प्यात मावली नाही ती मास्तरांची पिशवी बाईंच्या पायाशी, त्यामुळे बाईंचे पाय आखडलेले. खुर्चीचे दोन्ही हात दोन्हीकडच्या पुरुषांनी केव्हाच बळकावले होते.

“अहो, जरा डोळा लागतोय,” बाई म्हणाल्या.

“झोपा कसल्या काढतेस? रक्त साकळतं. उजवा घोटा.”

बाईंनी उजवा घोटा फिरवला. त्यांना दुसरं काही नको होतं, कुणी हाक न मारता झोप हवी होती. मागे घर आवरून, कुलपं लावून, मास्तरांच्या पथ्याचे डबे भरून त्या निघाल्या होत्या. पुढे लेकीचं बाळंतपण होतं. उतरल्या उतरल्या पदर खोचून उभं राहायचं होतं. मधले हे तास तेवढे ना या घरचे, ना त्या घरचे. ते आपले, असं त्या आठवडाभर मनाशी घोकत होत्या.

जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर त्या म्हणाल्या, “मी जाऊन येते.”

याला मात्र मास्तरांनाही नाही म्हणता येईना. ते उठून वाटेत उभे राहिले. “पाय मोकळे करत जा. आणि टाच आधी टेकव!”

बाहेर लख्ख ऊन होतं, पण खिडक्या झाकून सगळ्या विमानाला झोपवलं होतं. शौचालयातून बाहेर आल्यावर बाईंना दिसलं, की सगळ्यात मागची रांग रिकामी आहे. तीन खुर्च्या, आणि मधले हात वर उचललेले. बाई बघतच राहिल्या.

“आडव्या व्हा ना मावशी,” पाण्याचे पेले घेऊन चाललेली विमानातली मुलगी म्हणाली. “कुणाच्या नाहीत त्या.”

“चालेल?”

“न चालायला काय झालं? हे घ्या पांघरूण.”

“आणि कुणी विचारलं तर...”

“झोपल्यात म्हणून सांगते.” मुलगी हसली.

खिडकीकडे डोकं करून बाई आडव्या झाल्या. आधी चोरासारख्या, अंग चोरून. मग त्यांनी ते जीवघेणे मोजे ओढून काढले आणि पाय लांब केले, पार वाटेकडच्या खुर्चीपर्यंत. आपले पाय एवढे लांब होतात हे त्या विसरूनच गेल्या होत्या. गुडघ्यात एक कळ आली आणि गेली. खालून विमानाची घरघर येत होती, तिच्यात एक-दोन नव्हतं. बाईंना इतकं सुख झालं की रडूच आलं.

डोळा लागतोय न लागतोय तोच ओळखीची पावलं वाजली. टाच आधी टेकवणारी.

बाईंनी डोळे गच्च मिटले. मग त्यांच्या लक्षात आलं, झोपलेलं माणूस डोळे असे आवळत नाही. त्यांनी पापण्या सैल सोडल्या आणि श्वास संथ केला.

“अगं,” मास्तर म्हणाले. “अगं ए.”

बाई हलल्या नाहीत. उभ्या संसारात एवढं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं.

“झोपल्यात त्या, काका,” मुलीचा आवाज आला.

मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांचा गुडघा कट्कन वाजला. त्यांचंही अंग आंबलं होतं, पण कवायतमास्तराने ते सांगावं कुणाला? पांघरुणाचं टोक खाली घसरलं होतं, ते त्यांनी उचलून बाईंच्या उघड्या पावलांवर टाकलं. मोजे काढले म्हणून ओरडलेसुद्धा नाहीत.

“झोपू दे,” ते मुलीला हलकेच म्हणाले. “दमलीय बिचारी. मी जातो जागेवर.”

बाईंनी ते ऐकलं. त्या जिंकल्या होत्या. आता नुसतं निपचित पडून राहायचं होतं.

मास्तर वळू लागले. आणि तेवढ्यात, कुणीही न सांगता, बाईंचे पाय हलले. गुडघे दुमडून पोटाशी आले, टाचा आत ओढल्या गेल्या आणि वाटेकडची खुर्ची रिकामी झाली. आपण काय केलं हे बाईंना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

“जागीच आहेस होय!” मास्तर हरखून म्हणाले, आणि त्या जागेत ऐसपैस बसले.