निवृत्तीचं क्लॅरिनेट

लग्नसराई सरली की मेहकरची बँडपार्टी बाजारच्या दिवशी संध्याकाळी, गॅसबत्त्या लावून, चौकात फुकट वाजवायची. निवृत्ती पार्टीत नवा होता. पार्टीनं दिलेला लाल कोट त्याला खांद्यात ढगळ व्हायचा, पण क्लॅरिनेटवर बोटं अशी फिरायची की भाजीवाल्या पाट्या उचलायच्या थांबत.

म्हातारी तानाबाई दर बाजारी येऊन नेमकी त्याच्यासमोर बसायची आणि शेवटपर्यंत त्याच्यावरची नजर हलवायची नाही. असं ऐकणारं माणूस भेटायला नशीब लागतं, असं त्याला वाटायचं. तिच्यासाठी तो जीव ओतून फुंकायचा.

एकदा न राहवून तो तिच्यापुढे वाकला.

"माय, कोणतं गाणं वाजवू तुह्यासाठी?"

तानाबाई नुसती हसली. हात पुढे करून तिनं त्याच्या कोटाचं लोंबतं बटन चाचपलं.

"बुढीले ऐकू येत नाही बे," मागून ढोलवाले जानराव हळूच म्हणाले.

"मंग दर बाजारी येते काऊन?"



"कोट पाहाले. पोरगा वारला, तवा पार्टीचा म्हणून तिनंच धुऊन वापस आणून देल्ला होता."