उघडत नसलेला फोल्डर

साहेब, बसस्टँडवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण एकाच फोल्डरमध्ये कोंबायचा हुकूम तुमचाच. माझी सहा वर्षांची पोर मघाशी इथून हरवली, आणि तो फोल्डर उघडत नाही.

पडदा पांढराफटक पडलाय. मी पुन्हा क्लिक करायला गेले, तर कॅमेऱ्यांच्या खोलीतल्या ऑपरेटरने माऊस ओढून घेतला. "ताई, थांबा. जितकं दाबाल तितकं अडकेल. प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढत बसतंय ते. चित्रं बंद करून नुसती नावं ठेवली, की लगेच उघडेल."

"मग करा ना."

"साहेबांनी सेटिंगला पासवर्डचं कुलूप घातलंय. पाहुण्यांना चित्रं दाखवायला आवडतात त्यांना."

भोंग्यावर नांदेडची गाडी सुटल्याचं पुकारलं, मग लातूरची. कुठली गाडी ते कळल्याशिवाय एकही थांबवणार नाहीत म्हणे. यातल्याच एखाद्या गाडीत कुणीतरी तिचं तोंड दाबून बसलं असेल, हे मनात आलं आणि मी ऑपरेटरकडून तुमचा नंबर मागून घेतला.

ऑपरेटरचा फोन तुम्ही सारखा कापताय. आता मी माझ्या फोनवरून बोलतेय. बैठक राहू द्या. पासवर्ड काय आहे?