टाचणीची भोकं

परक्या शहरातल्या बँकेच्या खिडकीतल्या माणसाने शंभर डॉलरची नोट उजेडाकडे धरली आणि मान हलवली. नोटेच्या डाव्या अंगाला टाचणीची दोन भोकं होती.

"ही चालणार नाही."

"खोटी आहे का?" काचेबाहेर उभ्या असलेल्या निवृत्त कॅशियरने विचारलं.

"खरी आहे. चालणार नाही."

त्याने दुसरी धरली. तिलाही भोकं. वीसच्या वीस नोटांना भोकं. वरच्या नोटेवर तर बॉलपेनने वीसचा आकडा आणि त्याखाली ठसठशीत रेघ. खिडकीवाल्याने गड्डी काचेखालच्या फटीतून बाहेर ढकलली, मेलेला उंदीर ढकलावा तशी.

टाचणी कॅशियरनेच मारली होती. एकतीस वर्षं आपल्या देशात बँकेच्या पिंजऱ्यात काढलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हाताची खोड गेली नव्हती. मोजलं की टाचायचं, वरच्या नोटेवर आकडा टाकायचा. परक्या देशात पैसे कसे सांभाळायचे यावर विमानात त्याने बायकोला तासभर पिळलं होतं. रस्त्यावर बदलायचे नाहीत. बँकेतच बदलायचे. पावती घ्यायची. टाचणीचं नाव त्यात कुठे नव्हतं.

"अहो, एकच्या आत भरायचेत," बायको म्हणाली.

त्यांची मुलगी या शहरात नोकरीला होती. चार दिवसांपूर्वी तिला गाडीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं आणि पर्स कार्डासकट गायब झाली. समोरच्या गल्लीतल्या हॉस्पिटलने बजावलं होतं: आगाऊ रक्कम इथल्या चलनात, रोख, आज एकच्या आत. नाहीतर ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साहेब, पोरगी हाड मोडून पडलीय," कॅशियर काचेला तोंड लावून म्हणाला.

"नियम आहे. बाहेर बाकावर एक माणूस बसतो. त्याला विचारा." आणि खिडकीचा पडदा खाली आला.

बाकावरच्या माणसाने राखाडी टोपी मागे सारली. गड्डी बघून तो हसला. मग बोटांनी सात दाखवून शून्य काढलं. शंभराच्या नोटेला सत्तरचा भाव.

"शंभराला तीस कापणार?" बायको भडकली. "दिवसाढवळ्या? अहो, बोला की काहीतरी!"

कॅशियर गड्डीच्या कडा अंगठ्याने सारख्या करत राहिला.

"बोलणार काय म्हणा. अडला हरी!" ती धुमसत म्हणाली. "आपल्या बँकेच्या पायरीवर तो फाटक्या नोटांवाला बसायचा ना, तसाच दिसतो हा मेला. पण तो बिचारा भला होता. आपण घर बांधलं तेव्हा फ्रिज पाठवला होता त्याने."

"ते आत्ता कशाला?" कॅशियर खेकसला.

त्याने गड्डी दिली. टोपीवाल्याने दिलेल्या इथल्या नोटा त्याने दोनदा मोजल्या, एकेक उजेडात धरली. खऱ्या होत्या, पूर्ण होत्या. हॉस्पिटलचं भागत होतं. त्यांच्या इथल्या महिनाभराच्या खाण्याराहण्याचे पैसे मात्र गेले होते.

"लोकांच्या मोडक्या हाडांवर पैसे खातात," बायको चालता चालता बोलतच होती. "अशा पैशाचं पाणी तरी घशाखाली कसं उतरतं यांच्या?"

रस्ता ओलांडायच्या आधी कॅशियर थांबला. "इकडे ये. दोन मिनिटं."

"अहो, वेळ बघा!"

"हॉस्पिटल समोर आहे. ये म्हणतो ना."

तो तिला बँकेच्या इमारतीला वळसा घालून मागे घेऊन गेला. कचऱ्याच्या डब्यांपलीकडे एक लोखंडी दार होतं, उकाड्यामुळे सताड उघडं. आत खिडकीवाल्याची पाठ दिसत होती. मिनिटभरात टोपीवाला आला, सरळ आत गेला आणि गड्डी त्याच्या हातात दिली. या खेपेला कोणी नोट उजेडात धरली नाही. भोकं बघितली नाहीत. गड्डी गल्ल्यात गेली. खिडकीवाल्याने काही नोटा मोजून टोपीवाल्याच्या हातावर ठेवल्या, काही आपल्या खिशात घातल्या, आणि पुढचा पडदा वर सारला.

कॅशियरच्या कपाळाची शीर तटतटली. "बघितलंस? चालतात! त्याच नोटा चालतात! हरामखोर! पगार बँकेचा खातो आणि वर अडलेल्याची मान मुरगाळतो. शंभराला तीस! त्यातले वीस या आतल्याचे, दहा त्या बाहेरच्याचे. नोटेत काडीचा दोष नसतो, माणूस किती घाईत आहे तेवढं बघायचं! ज्याच्या घरी आजारपण, त्याची नोट पहिली परत करायची. तो भाव करत नाही. असल्यांना भर चौकात..."

त्याचा आवाज चिरकला. बायको त्या दाराकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही आत गेला होतात का हो कधी?" तिने विचारलं.

"कुठे?"

"या बँकेत. या दाराने."

"मी कशाला? आजच आलो ना आपण इथे."

"मग मागे दार आहे हे कसं कळलं? वीस आतल्याचे, दहा बाहेरच्याचे, हे कोणी सांगितलं?"

कॅशियरने नोटांचं पाकीट उघडलं आणि तो त्या पुन्हा मोजायला लागला.

तिने त्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, पोटाशी धरलं आणि हॉस्पिटलकडे चालू लागली. दोन पावलांवर थांबली, पण वळली नाही.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या फ्रिजमधलं पाणी पितेय."